वायव्येची खोली

९ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण तुझ्या खोदकामाच्या तळावर फोन लागत नाही आणि लागतो तेव्हा आपण भांडतो. पत्रात भांडायचं तर टपालाच्या गाडीची वाट बघावी लागते, तोवर राग निवतो. कल्पना आईची आहे. ती शेजारी मटार सोलत बसली आहे आणि मी काय लिहिते ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघते आहे.

मला काम मिळालंय. मोठं ऑफिस सोडताना मी सगळ्यांसमोर भाषण ठोकलं होतं ते तुला आठवत असेल. उन्हाळ्यात यंत्राशिवाय आपली आपण गार राहणारी इमारत बांधून दाखवीन, वगैरे. त्यानंतर लोकांनी मला जिने दुरुस्त करायला बोलावलं, स्वयंपाकघरं मोठी करायला बोलावलं, इमारत कुणी मागितली नाही. आता एका शाळेने मागितली आहे. शाळा नवी, माळ उघडा, झाड औषधालाही नाही. संस्थेचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश आहेत. त्यांना काचेच्या भिंती आणि खोलीखोलीत गारव्याचं यंत्र हवं होतं, आणि ते बांधायला माझे जुने साहेब एका पायावर तयार होते. मी मध्ये तोंड घातलं. अध्यक्षांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक खोली बांधा. मे महिन्यात भर दुपारी आमची समिती त्यात तासभर बसेल. बसवलं तर सगळी शाळा तुमची. नाहीतर त्या खोलीचं गोदाम करू आणि तुमच्या साहेबांना बोलावू."

म्हणजे एक खोली आणि एक दुपार. ती हुकली तर मला साहेबांकडे परत जावं लागेल, आणि ते नाही म्हणणार नाहीत, हेच वाईट आहे. हसतील आणि घेतील.

तू वर्षानुवर्षं ज्या जुन्या शहरात माती उपसतोस, तिथले भिक्खू आणि व्यापारी अशाच उन्हात राहत होते ना? ते कसे राहिले ते मला सांग. गल्लीचा आणि एखाद्या चौकाचा नकाशा पाठव. मदत कर.

तुझी,
ताई


२१ नोव्हेंबर

ती. ताईसाहेबांस धाकट्याचा नमस्कार.

'मदत कर' हे दोन शब्द तुझ्या अक्षरात आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. पत्र उशाखाली ठेवलंय.

माझ्या लोकांबद्दल विचारलंस, तर आता ऐक. हे लोक उन्हाला घरच्या माणसासारखे ओळखत होते. गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की दोघं समोरासमोर आले तर एकाला कुणाच्या तरी दारात शिरावं लागे. जागा नव्हती म्हणून नाही, टेकडी सगळी मोकळीच होती. समोरासमोरच्या भिंतींनी एकमेकींवर सावली धरावी म्हणून. भिंती दोन हात जाड, आत माती आणि दगड, वरून चुना. भिक्खूंच्या खोलीला खिडकी म्हणजे छताजवळ एक भोक, बाहेरून निमुळतं, आतून रुंद. उजेड आत येऊन पसरतो, ऊन बाहेरच राहतं. चौकात पाण्याचं टाकं आहे, पण मधोमध नाही. वारा ज्या बाजूने शिरतो त्या बाजूला सरकवलेलं आहे, म्हणजे वारा आधी पाण्यावरून जातो आणि मग खोल्यांत. चालता चालता ध्यान करायला त्यांनी दोन लांब ओटे बांधलेत, एक सकाळी सावलीत असतो, दुसरा दुपारी. एका ओट्यावर भागलं असतं, पण मग अर्धा दिवस सगळं ध्यान तळपायांतच गेलं असतं.

आणि पाणी. छतावरचं पाणी चौकात, चौकातलं टाक्यात, टाकं भरलं की गल्लीखालच्या गटारातून खाली शेतांकडे. परवा आम्ही त्या गटारात बादलीभर पाणी ओतून बघितलं. इतक्या शतकांनंतर ते पार खालपर्यंत गेलं आणि तिथे डुलकी घेत बसलेल्या आमच्या ड्रायव्हरचे बूट भिजले. तो अजून माझ्याशी बोलत नाही.

उन्हाळ्यात दरीतून गार वारा येतो म्हणतात. कुठल्या अंगाने ते मला विचारू नकोस, दरी दोन बाजूंना आहे आणि उन्हाळ्यात आम्ही इथे नसतोच. मोठ्या गल्लीचा आणि चौकाचा नकाशा सोबत पाठवतोय, खास तुझ्यासाठी नव्या कागदावर काढून. घडी उलगडताना चहाचा कप लांब ठेव, तुझी सवय मला माहीत आहे.

आईला सांग, मी वेळेवर जेवतो.

धाकटा


८ डिसेंबर

प्रिय धाकट्या,

नकाशा मिळाला. चहा अगदी जरासाच सांडला, तोही टाक्यावर, म्हणजे पाणी पाण्यात गेलं.

तीन रात्री मी त्या कागदावरून उठले नाही. तुझा नकाशा माझ्या जागेवर बसवून बघितला आणि थक्क झाले. मी हवामान खात्याचे तक्ते काढले, तर तुझ्याकडचा आणि माझ्याकडचा उन्हाळी वारा एकाच दिशेचा निघाला. आणि तुझ्या लोकांनी गल्लीचं तोंड वाऱ्याकडे सरळ धरलेलं नाही, चांगलं तिरकं धरलंय. आधी वाटलं, हे कसं? मग विचार केला आणि डोक्यात प्रकाश पडला. सरळ तोंड धरलं तर वाऱ्याबरोबर धूळ सरळ आत. तिरकं धरलं की धूळ बाहेर आपटून पडते आणि नुसता वारा वळून आत येतो. मला हे जन्मात सुचलं नसतं. मी आपली वाऱ्याकडे तोंड करून मोकळी झाले असते.

तेव्हा खोलीचं तोंड मीही तिरकं ठेवलंय, अगदी तुझ्या लोकांसारखं. जाड भिंती, छताजवळ निमुळती भोकं, तोंडाशी टाकं. अहवालात एक पूर्ण पान या तिरकेपणावर लिहिलं. अध्यक्षांनी ते दोनदा वाचलं म्हणे, आणि पेन्सिलीने खाली रेघ ओढली. न्यायाधीशाने रेघ ओढली की चांगलं असतं की वाईट?

आई विचारते आहे, वेळेवर जेवतो म्हणजे कितीला?

ताई


२९ डिसेंबर

ताई,

तुझं धुळीचं वाक्य वाचून मी तंबूत एकटाच टाळ्या वाजवल्या. या गल्लीवर मी निबंध लिहितोय, पण 'वाऱ्यासाठी केलेली रचना' यापलीकडे माझी गाडी जात नव्हती. तुझा तिरकेपणा मी उचलला आणि निबंधात बसवला. तुझं नाव तळटीपेत आहे, उगाच गळा काढू नकोस. संचालकांनी वाचलं. ते सहसा 'हं' म्हणतात. या वेळी 'हंऽ' म्हणाले, आणि माझी पाठ थोपटली. माझ्या पाठीला त्याची सवय नसल्यामुळे मी घाबरलो.

बाकी आमचं इथे बरं चाललंय. शहराच्या सगळ्यात जुन्या भागातलं एक लांबट दालन आम्ही पूर्ण मोकळं केलं. भिंती त्याच, भोकं तीच, एका टोकाला उघडं. त्याच्या तोंडाशी एक बेढब भिंत बाहेर आलेली आहे, कशाशी तिचा मेळ नाही. संचालक म्हणतात, शहर ओसाड पडल्यावर कुणीतरी गुरं बांधायला घातली असणार. नकाशात तिला आम्ही 'गोठा' म्हणतो.

जेवण साडेबाराला. आईचं समाधान होईपर्यंत साडेबाराच सांग.

धाकटा


४ मार्च

प्रिय धाकट्या,

खोली पूर्ण झाली. दिसायला फार छान झाली आहे. चुना पांढराशुभ्र, टाकं भरलंय, मुख्याध्यापिका येऊन बघून गेल्या आणि 'वेगळीच आहे' म्हणाल्या. मी कामात आहे, जास्त लिहीत नाही. तुझा निबंध कुठवर आला?

ताई

ता. क. आईकडून: बाळा, पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं आहे म्हणून लिहिते. खोली दिसायला छान आहे, पण आत बसवत नाही. अजून उन्हाळा लागायचा आहे आणि चार वाजता तोंडातून ऊन सरळ फळ्यापर्यंत येतं. वारा म्हणशील तर बाहेर झाडू मारत जातो, आत पाऊल टाकत नाही. ही रोज दुपारी तिथे जाऊन बसते आणि घामाघूम होऊन येते आणि मला म्हणते, चुना अजून वाळायचा आहे. चुना वाळून किती दिवस झाले ते मला कळतं. तुझ्या त्या भिक्खूंना नीट विचार, काही राहिलं का सांगायचं. तिला मी लिहिल्याचं कळवू नकोस.


२२ मार्च

ताई,

आईने लिहिलंय हे मी तुला कळवत नाहीये, पण आईने लिहिलंय.

आणि माझ्याकडेही बातमी आहे. यंदा संचालकांनी खोदकाम उन्हाळ्यातही चालू ठेवलंय. परवा पहिल्यांदा दरीचा वारा आला. मी मोठ्या गल्लीच्या वरच्या टोकाला उभा होतो. डोक्यावरची टोपी उडाली आणि गल्लीतून नाकासमोर सरळ, एकाही भिंतीला न लागता, थेट खालच्या टोकापर्यंत गेली. मी टोपीमागे धावलो नाही. मी तिथेच खाली बसलो. कारण टोपी सरळ गेली होती, ताई. तुझा तिरकेपणा कुठेच नव्हता. मोठी गल्ली बरोबर उत्तर-दक्षिण आहे आणि वारा बरोबर उत्तरेचा आहे.

आता भांडू नकोस, नुसतं सांग. तू माझा नकाशा तुझ्या जागेवर नेमका कसा बसवलास? वर उत्तर धरलीस ना?

आमच्याकडची गोष्ट तुला ठाऊक आहेच. पहिल्या वर्षी ते लांबट दालन आधी सापडलं. त्याचं तोंड जिकडे, तिकडे आम्ही उत्तर म्हटलं, दोऱ्या ताणून चौकटी आखायला सोयीचं म्हणून. सगळीच खोदकामं असं करतात. आमची ही खोदकामाची उत्तर म्हणजे खरी वायव्य. पण तू घोटाळा करशील म्हणून तुझ्यासाठी काढलेल्या नकाशात मी आधीच सगळं फिरवून खरी उत्तर वर घेतली होती. म्हणूनच तर नवा कागद घेतला. तेव्हा तुझ्याकडून चूक व्हायला जागाच नव्हती.

लगेच उत्तर दे. खरं उत्तर दे, चुना वगैरे नको.

धाकटा


३१ मार्च

धाकट्या,

तू फिरवला होतास.

मी पण फिरवला.

मागे मी तुमच्या तळावर आले होते तेव्हा तूच फुशारकीने सांगितलं होतंस, आमची उत्तर उत्तर नसते, वायव्य असते. ते मी लक्षात ठेवलं. तुझा नकाशा आला तेव्हा म्हटलं, हा धांदरट मुलगा सांगायला विसरलाय, आपणच दुरुस्त करून घ्यावं, बिचाऱ्याला बोलायला नको. आणि मी उदार मनाने तुझा नकाशा वायव्येकडे वळवून घेतला. गल्ली उत्तरेकडे होती ती वायव्येकडे गेली. मग ती तिकडे का, याचं कारण शोधत मी तीन रात्री जागले आणि एक पान भरून अक्कल पाजळली. ती धूळ मी मनाने रचली, धाकट्या. ती बाहेर आपटून पडते वगैरे सगळं माझ्या डोक्यातच.

एका ओळीत लिहिलं असतंस, 'फिरवून पाठवतोय', तर काय शाई संपली असती? आणि मी एका ओळीत विचारलं असतं तर माझी काय जीभ झडली असती, हेही आईने आताच विचारलंय. तिला मी सगळं वाचून दाखवलं. ती हसायला लागली. थांबेना. म्हणाली, दोघंही लहानपणापासून असेच, एकाने मीठ घातलं की दुसरा न विचारता परत घालणार.

मला हसू येत नाही रे. खोलीचं तोंड वायव्येला आहे. दुपारचं ऊन आत येतं आणि उत्तरेचा वारा तोंडावरून घासत निघून जातो. भिंती दोन हात जाड आहेत, त्या फिरवता येत नाहीत. पाडून परत बांधायला वेळ नाही, आणि पाडली तर समितीला कळणारच. मे महिना समोर उभा आहे. काल जुन्या साहेबांचा निरोप आला, 'दार उघडं आहे.' त्या दारात परत पाऊल ठेवणार नाही असं मी म्हटलं होतं.

तुझ्या निबंधातून माझं वाक्य आधी काढ. आणि तुझ्या लोकांपैकी कुणी कधी चुकलं असेल तर तेवढं शोध. बरोबर कसं बांधायचं ते आता मला नको आहे.

ताई


१७ एप्रिल

ताई,

सापडलं. नीट बस आणि वाच.

तुझं पत्र घेऊन मी सरळ संचालकांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते 'हं' म्हणाले, साधा. मग म्हणाले, "वाक्य काढा, आणि पुढच्या वेळी बहिणीला विचारा."

आता इथे ऊन असं आहे की दुपारी काम थांबतं आणि जो तो सावली शोधतो. आमच्या तळावर एक कुत्रं आहे, कुणाचंच नाही, सगळ्यांचं आहे. थंडीत ते चुलीपाशी असतं. गेले पंधरा दिवस दुपारचं ते दिसतच नव्हतं. काल मी शोधायला निघालो तर ते त्या गोठ्यात पसरलेलं. म्हणजे जुन्या दालनाच्या तोंडात, त्या बेढब भिंतीच्या आतल्या अंगाला. मला बघून उठलंसुद्धा नाही. मी त्याच्या शेजारी बसलो आणि दोन मिनिटांत कळलं ते का उठत नाही. गार वारा येत होता, ताई. सतत. अंगावरून आत दालनात जात होता.

मग माझ्या डोक्यात शिरलं. हे दालन म्हणजे तेच, ज्यावरून आम्ही आमची उत्तर धरली. म्हणजे याचं तोंड वायव्येला आहे. शहरातली बाकी सगळी दालनं, गल्ल्या, चौक उत्तरेकडे बघतात आणि हे एकटं, सगळ्यात पहिलं, वायव्येकडे. ते चुकले होते. नवे होते इथे, उन्हाळा बघितला नव्हता, माझ्यासारखेच. तेव्हा आपली चूक मुळात त्यांची आहे, आपण फक्त पुढे चालवली.

भिंतीचं असं आहे. तोंडाच्या पश्चिमेकडच्या कडेपासून ती सरळ बाहेर निघते, पुरुषभर उंच, दालनाच्या रुंदीइतकी लांब. उत्तरेचा वारा तोंडावरून घासत निघून जायला बघतो, ही त्याला आडवी येते आणि आत वळवते. दुपारचं ऊनही तीच खाते. आज सकाळी आम्ही तिचा पाया उघडला. गुरांचं काही नाही. दगड दालनाच्याच घडणीचे, चुना तसाच, फक्त दालनाच्या चुन्यावर नंतर चढलेला. शहर भरलेलं होतं तेव्हाच घातली आहे, दालनानंतर थोड्याच वर्षांनी. आणि त्यानंतर बांधलेलं प्रत्येक दालन उत्तरेकडे. संचालक स्वतः येऊन कुत्र्याच्या पलीकडे बसले. बराच वेळ बसले. उठताना त्यांनी नकाशा मागवून 'गोठा' हा शब्द स्वतःच्या हाताने खोडला.

मी मात्र एकाच गोष्टीवर अडकलोय. ही भिंत सुचली कुणाला? उकडत होतं तर लोक दुसऱ्या दालनात जाऊन राहिले असते, इतकी सोपी वाट होती. इतकं हट्टाने कोण बसून राहिलं त्या दालनात, आणि कुणी त्याचं ऐकलं?

मापं सोबत आहेत. या वेळी काहीही फिरवलेलं नाही. खरी उत्तर वर आहे. तूही फिरवू नकोस. पाया पडतो.

धाकटा


२४ एप्रिल

फिरवलं नाही.

आधी दोन बांबू रोवून चटया बांधल्या आणि आईला आत बसवलं. तिने पदराने वारा घ्यायचं थांबवलं तेव्हा मी मिस्त्रींना फोन केला. भिंत चढते आहे. बाकी नंतर.

ताई


२० मे

प्रिय धाकट्या,

सावकाश लिहायला आज वेळ मिळाला. क्रमाने सांगते.

बारा तारखेला भर दुपारी समिती आली. अध्यक्ष, एक डॉक्टरबाई, मुख्याध्यापिका आणि आणखी दोघं. बाहेर पत्र्याच्या शेडखाली उभं राहवत नव्हतं. आत मुलांच्या खुर्च्या मांडल्या होत्या, मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसली. दहा मिनिटांनी डॉक्टरबाईंच्या हातातला कागद उडाला. मग अध्यक्षांचा. मुख्याध्यापिकांनी डस्टर आणून कागदांवर ठेवला. अर्ध्या तासाने त्यांच्यातला एक जण डुलक्या घ्यायला लागला आणि डॉक्टरबाईंनी त्याला कोपराने ढोसलं. घाम कुणालाच नव्हता. मी सगळ्यांची कपाळं एकेक करून बघितली, लाज सोडून.

तास भरला तसे अध्यक्ष माझ्याकडे वळले. म्हणाले, "माझं चुकलं. पुढच्या सगळ्या खोल्या अशाच बांधा. हीच दिशा, हीच भिंत. तुमच्या अहवालात मी रेघ ओढून ठेवलीच आहे, जुन्या लोकांनी विचारपूर्वक वाऱ्याला तिरकं तोंड ठेवलं."

धाकट्या, मला नुसतं मान हलवायची होती. मूग गिळून गप्प बसले असते तर सगळी शाळा माझी होती, आणि कुणाला काही कळलं नसतं. खोल्या चालल्याही असत्या, प्रत्येकीला एका भिंतीचा टेकू लावून. पण त्या खोल्यांत बसणाऱ्या मुलांसमोर मी आयुष्यभर ताठ मानेने जाऊ शकले नसते.

"सर, ते खरं नाही," मी म्हटलं.

"काय खरं नाही?"

"तिरकेपणा. जुन्या लोकांची गल्ली सरळ वाऱ्याकडे होती. मी आणि माझ्या भावाने नकाशा एकमेकांना न विचारता दोनदा फिरवला. ते धुळीचं पान मी मनाने लिहिलंय."

"म्हणजे हा अहवाल चुकीचा आहे."

"हो."

"आणि आपण बसलोय ती खोली?"

"तीही चुकीची आहे. भिंतीने सावरली आहे. भिंत मात्र खरंच त्यांची आहे, तेही असेच चुकले होते."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"मार्चमध्ये."

"आणि आम्ही खूश झाल्यावर सांगताय."

"तुम्ही सगळ्या खोल्या अशाच बांधा म्हणालात म्हणून. एकदा चुकलेलं निस्तरता येतं, सर. मुद्दाम परत परत चुकायचं म्हणजे फार होतं."

डॉक्टरबाई हसल्या. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी अहवाल उघडला, आपणच ओढलेली रेघ बघितली, अहवाल मिटला आणि म्हणाले, "निकाल राखून ठेवतो." आणि गेले. खुर्चीतून उठताना त्यांचा गुडघा कटकन वाजला.

त्यानंतरचे दिवस मला विचारू नकोस. मी घरातली सगळी कपाटं आवरली. आईचंही आवरलं, म्हणून ती आता रुसली आहे. साहेबांना काय सांगायचं ते आरशासमोर उभं राहून बोलून बघितलं. वाईट वाटतच होतं. पण एक सांगते, खोटं बोलले असते तर त्याहून वाईट वाटलं असतं, हेही त्या दिवसांतच कळलं. हे तुला सांगताना मला लाज वाटत नाही.

काल संस्थेचं पाकीट आलं. मला उघडवेना, आईने उघडलं. शाळा आपली आहे, धाकट्या. सगळी. बाकीच्या सगळ्या खोल्या सरळ उत्तरेकडे तोंड करून बांधायच्या, अहवाल नव्याने लिहायचा आणि त्यात आपली चूक आहे तशी लिहायची, तुझ्या शहराच्या चुकीच्या शेजारी. मी खाली बसून रडले. आईनेही साथ दिली, रुसवा बाजूला ठेवून.

पण न्यायाधीश तो न्यायाधीश. खाली एक अट घातली आहे, आणि ती मी इथे जशीच्या तशी उतरवते: 'वास्तुरचनाकार बाईंनी यापुढे दर मे महिन्यात शाळेचा हिशेबनीस म्हणून विनावेतन काम बघावे, आणि त्यांची बसायची जागा वायव्येची खोली ही राहील.' मला हिशेब येत नाही हे त्यांना ठाऊक आहे. मुख्याध्यापिकांनी फोनवर सांगितलं, ते म्हणाले, हिशेब येण्याची गरज नाही, बाईंनी फक्त बसायचं आहे.

मी हो कळवलंय. आणि कळवून झाल्यावर स्वयंपाकघरात उभी असताना तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला एकदम मिळालं. उकडत असून त्या दालनात हट्टाने कोण बसून राहिलं, आणि भिंत कुणाला सुचली, हे तू निबंधात बिनधास्त लिही, पुरावा नसला तरी माझी साक्ष घे. ज्याने ते दालन बांधलं होतं, त्यालाच त्यांनी तिथे राहायला दिलं असणार.

तुझी,
ताई